फवारणाऱ्याचा परवाना

१९५८ च्या उन्हाळ्यात केरळ आणि तत्कालीन मद्रास राज्यात विषारी पीठ खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. जहाजातून खाद्यपदार्थ आणि पॅराथिऑन हे कीटकनाशक एकत्र आले होते. गळती झाली, विष पिठात मुरले. चौकशी केली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांनी. पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला, १९७१ मध्ये नियम आले.

मूळ दुर्घटना वाहतुकीतली, त्यामुळे कायद्याची नजर कारखाना, गोदाम आणि दुकान यांवरच अधिक खिळली असावी. विक्रेत्याला परवाना लागतो. शैक्षणिक पात्रतेची अटही आहे. व्यावसायिक कीडनियंत्रण करणाऱ्यालाही परवाना हवा. आणि शेतकरी? कलम ३८ ने स्वतः कसत असलेल्या जमिनीवरील वापर कायद्याच्या कक्षेतूनच वगळला.

सांगलीतील तासगाव-मिरज किंवा साताऱ्यातील खटाव-माणच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी आणि भुरीसाठी फवारणीमागून फवारणी सुरू होते. युरोपला जाणाऱ्या मालाची बाग नोंदवलेली असते, घडांतील औषधाचे अंश प्रयोगशाळेत तपासले जातात. त्याच बागेत पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराकडे परवाना कोणी मागत नाही. द्राक्षाचे मोजमाप होते, त्याच्या श्वासाचे नाही!

२०१७ मध्ये यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मरण पावले. राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली. कलम ३८ जागच्या जागी राहिले.