कवी जंग, लाकडी घोडा आणि लग्नपत्रिका

तर झालं असं. लग्नसराई नुकतीच सुरू झाली होती आणि रविवारी सकाळी नऊ वाजता मामांचा फोन आला.

"अरे, व्हॉट्सॲपला एक लग्नपत्रिका आलीय. दोनदा दाबली, उघडंचना. तुला पाठवू का?"

मी अंथरुणातून उठून बसलो. "मामा, पाठवू नका. नावाच्या शेवटी काय लिहिलंय तेवढं वाचा."

"एपीके."

पत्रिका उघडली नव्हती असं मामांना वाटत होतं. खरं तर ती उघडली होती, फक्त ती पत्रिका नव्हती. पुढचा अर्धा तास मी फोनवर काय काय करायला लावलं ते पुढे सांगतो. पण त्या दिवसापासून डोक्यात आमच्या नगरचा भुईकोट किल्ला घोळतोय, म्हणून हा वीकेंडचा लेख. (शहराचं नाव २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर आहे. तोंडात मात्र अजून नगरच येतं.)

शाळेच्या सहलीत आम्हाला या किल्ल्याचा इतिहास म्हणजे चांदबिबी आणि नेहरू एवढाच सांगितला होता. १५९५-९६ मध्ये शहजादा मुरादच्या मुघल फौजेनं वेढा घातला, तटाखाली सुरुंग लावले, एक उडाला आणि तटाला खिंडार पडलं. चांदबिबीनं ते रातोरात बुजवून घेतलं. मुघलांना वऱ्हाडावर समाधान मानून तह करावा लागला. १६०० साली मात्र किल्ला पडला आणि त्याच सुमारास चांदबिबी मारली गेली, तीही स्वतःच्याच लोकांकडून. ती शत्रूला फितूर झालीय अशी आवई उठली होती.

सहलीत कुणीच न सांगितलेली गोष्ट १७५९ ची आहे. तेव्हा किल्ला निजामाकडे होता आणि किल्लेदार होता कवी जंग. पेशव्यांनी त्याला पैसे दिले आणि त्यानं किल्ला त्यांच्या हवाली केला. सुरुंग नाही, वेढा नाही, खिंडार बुजवणं नाही. ज्याच्याकडे किल्ली होती त्यानंच दार उघडलं. यावरूनच पुढे निजामाशी लढाई जुंपली आणि १७६० च्या सुरुवातीला उदगीरला सदाशिवरावभाऊंनी ती जिंकली.

माझ्या धंद्यात या प्रकाराला ट्रोजन म्हणतात. कवी जंगला निदान आपण दार उघडतोय हे माहीत होतं, आमच्या मामांना तेही नव्हतं, एवढाच काय तो फरक.

नाव अर्थातच ट्रॉयच्या लाकडी घोड्यावरून आलंय. गंमत म्हणजे ट्रोजन म्हणजे ट्रॉयचे लोक, जे बिचारे फसले ते! घोडा ग्रीकांचा होता. आणि ज्या इलियडमध्ये तो असेल असं आपण धरून चालतो, तिथे तो नाहीच. ओडिसीत त्याचा उल्लेख येतो आणि ऐसपैस गोष्ट व्हर्जिलच्या एनीडमध्ये आहे. कॉम्प्युटरवाल्यांनी हे नाव उचललं ते अमेरिकी हवाई दलासाठी लिहिलेल्या जेम्स अँडरसनच्या १९७२ च्या अहवालात. त्यात या कल्पनेचं श्रेय डॅन एडवर्ड्सला दिलंय. म्हणजे घरोघरी पीसी यायच्या आधीच ही भीती नाव घेऊन तयार होती. व्याख्या तेव्हापासून साधारण तीच: वरून उपयोगी दिसणारा आणि आतून भलतंच काम करणारा प्रोग्राम. व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून पसरतो, वर्म नेटवर्कवरून आपला आपण सरपटत जातो. ट्रोजनला मात्र तुमचं बोट लागतं. क्लिक तुम्हीच करता.

पहिला गाजलेला घोडा चक्क पोस्टानं आला. डिसेंबर १९८९ मध्ये जोसेफ पॉप नावाच्या अमेरिकी संशोधकानं लंडनहून सुमारे २०,००० फ्लॉपी लोकांना पाठवल्या. फ्लॉपीत एड्सविषयी माहिती आणि तुमचा धोका मोजणारी प्रश्नावली होती. मिळालेल्यांपैकी बरेच जण संशोधन आणि आरोग्य क्षेत्रातले. ते घालणारच ना मशीनमध्ये! आत बसलेला प्रोग्राम कॉम्प्युटर कितीदा सुरू झाला ते मोजत राहायचा. साधारण ९० आकडा झाला की सी ड्राइव्हवरच्या फाइलींची नावं गडबडगुंडा करून लपवायचा आणि पनामातल्या एका पोस्ट बॉक्सवर १८९ डॉलर मागायचा. फाइलींच्या आतल्या मजकुराला मात्र त्यानं हात लावलेला नसायचा, नुसती नावं बदललेली. सोडवणारा प्रोग्रामही लवकरच निघाला. पण तोवर काही जणांनी घाबरून अख्ख्या डिस्क पुसून टाकल्या होत्या. घोड्यानं केलं त्याहून जास्त नुकसान त्यांनी स्वतःच करून घेतलं.

यावर हसायचा मला अधिकार नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट रिपोर्टची प्रिंट काढायला मी झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला. घरी आलो तर आत फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट. प्रत्येक शॉर्टकट आधी एक स्क्रिप्ट चालवायचा आणि मग खरं फोल्डर उघडून द्यायचा, म्हणजे आपल्याला वाटावं सगळं ठीक आहे. मी काय केलं? फॉरमॅट! सबमिशन दुसऱ्या दिवशी होतं. सगळ्या फाइली तिथेच होत्या, फक्त हिडन आणि सिस्टिम असे शिक्के मारून लपवलेल्या. कमांड प्रॉम्प्टवर ॲट्रिबची एक ओळ लिहून ते शिक्के काढले असते तर काम झालं असतं. रिपोर्ट रात्रभर बसून पुन्हा टाइप केला. डिग्री कॉम्प्युटरची, हे सांगायला नकोच.

सकाळी पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला तर पुन्हा शॉर्टकट हजर. कारण घोडा आता लॅपटॉपमध्ये होता. खरी गोम इथे आहे. ट्रोजन आत आला की पहिलं काम करतो ते म्हणजे पुन्हा उठायची सोय. विंडोज सुरू होताना कुठले प्रोग्राम चालवायचे याच्या याद्या रजिस्ट्रीत, स्टार्टअप फोल्डरमध्ये, शेड्यूल केलेल्या टास्कमध्ये असतात. त्यापैकी कुठेतरी तो आपलं नाव घुसवतो. तुम्ही फाइल उडवता, यादीतली नोंद तशीच राहते, किंवा दुसरीकडे ठेवलेली प्रत ती परत आणते. आणि चालू असलेला ट्रोजन अँटीव्हायरसलाही बंद पाडू शकतो. किल्लेदारच फुटलाय आणि आपण त्यालाच विचारतोय, "आत सगळं ठीक आहे ना?" म्हणून आधी नेट तोडायचं, मग सेफ मोडमध्ये जायचं. त्याहून बरं म्हणजे दुसऱ्या स्वच्छ मशीनवर बनवलेल्या बूट डिस्कवरून स्कॅन करायचं, म्हणजे आतला किल्लेदार झोपलेला असतो. मग स्टार्टअपच्या याद्या तपासायच्या. आणि तरीही मनात शंका असेल तर फक्त आपली कागदपत्रं, फोटो बाजूला काढून विंडोज नव्यानं टाकायचं. फॉरमॅट हा शेवटचा उपाय, पहिला नाही. हे मी रात्रभर टाइप करून शिकलोय :)

पण फाइल गेली म्हणजे संपलं, हे मोठ्या मोठ्यांनाही म्हणता येत नाही. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची, जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएममधून कुणी पैसे मागितले की ती मागणी बँकेच्या मुख्य सिस्टिमपर्यंत नेणारा एक स्विच असतो. मालवेअरच्या मदतीनं चोरांनी त्याच्या जोडीला आपला खोटा स्विच उभा केला. तो विचारणाऱ्याला परस्पर "हो, द्या" म्हणायचा, मुख्य सिस्टिमपर्यंत प्रश्न पोचायचाच नाही. क्लोन केलेल्या कार्डांवर २८ देशांतून सुमारे ७८ कोटी निघाले, भारतातून आणखी अडीच कोटी, त्यात कोल्हापूरची एटीएमसुद्धा. १३ तारखेला स्विफ्टमार्गे १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटानं २०१९ च्या अहवालात या हल्ल्याची नोंद उत्तर कोरियाच्या संदर्भात घेतली. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. भिंतीला खिंडार असं बाहेरून काहीच दिसलं नव्हतं. एटीएम नेहमीसारखीच पैसे देत होती.

आता मामा. त्यांचं गाव घोडेगावजवळ (घोड्याच्या लेखात हा निव्वळ योगायोग). आठवड्यापूर्वीच कांद्याची पट्टी खात्यात जमा झालेली. मी म्हटलं, "मामा, आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, सिम काढा आणि कपाटातल्या जुन्या बटणाच्या फोनमध्ये घाला." कारण हे एपीके सगळ्यात आधी एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि ओटीपी येतो तो एसएमएसनंच. सिम हलवलं, बँकेला मिस्ड कॉल दिला, बॅलन्सचा मेसेज आला. २८ हजार कमी. पैसे कापल्याचा एकही मेसेज मामांनी पाहिला नव्हता. आधीच गिळले होते त्यानं.

मग त्याच फोनवरून बँकेला सांगून खातं गोठवलं, १९३० या सायबर हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. त्यानंतरच मोबाईलकडे वळलो. ॲपचं चिन्ह स्क्रीनवर नव्हतंच. सेटिंग्जमधल्या यादीत सापडलं, पण अनइन्स्टॉलचं बटण दबेना, कारण त्यानं डिव्हाइस ॲडमिनची परवानगी घेऊन ठेवली होती. ती काढली, ॲक्सेसिबिलिटीची काढली, सेफ मोडमध्ये जाऊन उडवलं. व्हॉट्सॲपला कुठली दुसरी डिव्हाइस जोडलीय का ते पाहिलं. पासवर्ड आणि यूपीआय पिन मामीच्या फोनवरून बदलले. संध्याकाळी फोटो काढून घेऊन फोन फॅक्टरी रीसेट केला, आणि जुन्या बॅकअपमधली ॲप्स परत आणली नाहीत.

२८ हजारांची तक्रार अजून चालू आहे. पत्रिका ज्यांच्या नंबरवरून आली ते मामांचे जुने ओळखीचे. त्यांनाही ती आणखी कुणाकडून तरी आली होती आणि पुढे त्यांच्या फोनमधल्या सगळ्यांना आपोआप गेली होती. मामांच्या यादीतल्या तेहतीस जणांना आम्ही दोघांनी फोन करून सांगितलं. दोघांनी तोवर उघडली होती.

सगळं उरकल्यावर मामा म्हणाले, "ते सगळं खरं. पण लग्न होतं कुणाचं?"