बॅक-एन्ड अभियंता : पाया पक्का असणे महत्त्वाचे

रेल्वेच्या गाडीत एकच जागा शिल्लक आहे आणि दोन शहरांतील दोन प्रवासी त्याच क्षणी तिची मागणी नोंदवत आहेत. जागा एकालाच मिळावी, दुसऱ्याचे पैसे विनाकारण अडकू नयेत आणि सर्व्हर मध्येच बंद पडला तरी नोंद अर्धवट राहू नये, अशी प्रणाली उभारणे हे बॅक-एन्ड अभियंत्याचे काम होय. बँका, विमा, रुग्णालये, ऑनलाइन खरेदी अशा सर्वच क्षेत्रांत या अभियंत्यांची गरज भासते.

काय शिकावे?

जावा, पायथॉन किंवा गो यांपैकी एका भाषेवर प्रभुत्व मिळवावे. एकाच वेळी चार भाषांची तोंडओळख करून घेण्यापेक्षा हे अधिक उपयोगी ठरते. त्यानंतर डेटाबेसकडे वळावे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल सिद्धान्तावर उभी राहिलेली एसक्यूएल ही भाषा आजही सर्वत्र वापरात आहे. फ्रेमवर्क बदलत राहतात. मात्र ट्रान्झॅक्शन, इंडेक्स, एचटीटीपी आणि लिनक्स यांचे ज्ञान दीर्घकाळ साथ देते. २००५ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी तयार केलेली गिट ही प्रणालीही अवगत असावी.

कोठे शिकावे?

आयआयटी व भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम एनपीटीईएल आणि स्वयं या मंचांवर मोफत पाहता येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी मात्र शुल्क भरावे लागते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाची डेटाबेसविषयक व्याख्याने यूट्यूबवर उपलब्ध आहेत. पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसची अधिकृत माहितीपुस्तिका हे एक उत्तम पाठ्यपुस्तकच आहे. पुढील अभ्यासासाठी मार्टिन क्लेपमन यांचे ‘डिझायनिंग डेटा-इंटेन्सिव्ह अ‍ॅप्लिकेशन्स’ (२०१७) वाचावे. वर्गात बसून शिकू इच्छिणाऱ्या पदवीधरांसाठी सी-डॅकचा अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्प्युटिंगचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्याचा प्रवेश सी-कॅट या परीक्षेद्वारे होतो.

सराव कसा करावा?

एक छोटी आरक्षण प्रणाली स्वतः तयार करावी. एकाच जागेसाठी दोन विनंत्या एकाच वेळी पाठवून पाहाव्यात. दोन्ही विनंत्यांना जागा रिकामी दिसते आणि ती दोघांनाही दिली जाते, असा दोष बहुधा आढळेल. लॉक किंवा युनिक निर्बंध वापरून तो दूर करावा. नंतर तक्त्यात दहा लाख नोंदी भरून इंडेक्सशिवाय आणि इंडेक्ससह शोधाला किती वेळ लागतो, हे ‘एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ’ या आज्ञेने तपासावे. मुलाखतीत ‘असे का केले?’ या प्रश्नाचे उत्तर अशा अनुभवातूनच देता येते.

सावधगिरी

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता साचेबद्ध कोड क्षणार्धात लिहून देतात. त्यामुळे केवळ वाक्यरचना पाठ असणाऱ्याचे मोल घटले आहे. तयार कोडमधील चूक ओळखणे आणि तिची जबाबदारी घेणे हे काम मात्र अभियंत्याकडेच राहते. समजला नाही असा कोड वापरू नये.

नोकरीची हमी देणाऱ्या महागड्या वर्गांना शुल्क भरण्यापूर्वी ती हमी व परताव्याच्या अटी लेखी मागाव्यात आणि माजी विद्यार्थ्यांशी बोलावे. कर्ज काढून प्रवेश घेणाऱ्यांनी आधी मोफत साधनांवर तीन महिने नियमित अभ्यास करून या कामात आपले मन रमते का, याची खात्री करून घेणे श्रेयस्कर.