राणीच्या सेंटपेक्षा जड

कॅनडाची जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या संग्रहात काही पेनी आणि हाफपेनी हमखास असतात. त्या तांब्याच्या असतात आणि त्यांवर राजाचा किंवा राणीचा चेहरा नसतो. एखादीवर हिवाळी टोपी घातलेला, कमरेला पट्टा बांधलेला, हातात चाबूक घेतलेला शेतकरी असतो; दुसरीवर बँकेची इमारत, तिसरीवर घोड्यावरून ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज. मागच्या बाजूला सरळ छापलेले असते: 'बँक टोकन'. १८३५ ते १८५७ या काळात मॉन्ट्रियल, क्विबेक आणि टोरांटोच्या बँकांनी हा खुर्दा काढला. लंडनची टांकसाळ वसाहतीला तांबे पुरवत नव्हती, म्हणून बँकांनी वेळ मारून नेली, असे म्हणून या टोकनांना नाण्यांपेक्षा एक पायरी खाली बसवण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. त्या वसाहतीत किरकोळ व्यवहारातला विश्वास राजमुद्रेवर उभा नव्हता. तो उभा होता वजनावर आणि ते तांबे परत घेणाऱ्याच्या नावावर. याचा पुरावा इतका स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या वस्तूत सापडत नाही.

सुरुवात फसण्यानेच झाली. १८३५ मध्ये बँक ऑफ मॉन्ट्रियलने फुलांच्या गुच्छाचा छाप असलेले हलके 'सू' बाजारात आणले. ते चालू लागल्याबरोबर इतरांनी तसलेच गुच्छ कोरून निनावी सू पाडायला घेतले. न्यू जर्सीतल्या बेलव्हिलच्या कारखान्यातून तर ते ढिगाने आले. १८३७ पर्यंत हिणकस तांबे इतके साचले की बँका ते मोजून घेईनात, तोलून घेऊ लागल्या. मग सरकारच्या परवानगीने बँक ऑफ मॉन्ट्रियल, क्विबेक बँक, सिटी बँक आणि बांक द्यु पप्ल या चार बँकांनी मिळून नवी टोकने काढली. छाप चौघींचा एकच, फक्त फितीवरचे नाव वेगळे. एका बाजूला फ्रेंचमध्ये 'दोन सू', दुसऱ्या बाजूला इंग्रजीत 'एक पेनी'. हिशोब चोख जुळत होता, कारण स्पॅनिश डॉलरचे तिथे पाच शिलिंग धरत, म्हणजे साठ पेन्स, आणि फ्रेंच रीतीने त्याच डॉलरचे १२० सू होत. ही पेनी अठरा ग्रॅमच्या आसपास भरते. शेतकऱ्याच्या पोशाखामुळे आणि ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १८३७ च्या बंडामुळे लोकांनी तिला बंडाचा पुढारी पापिनो याचे नाव दिले. ती पाडली बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीने, बोल्टन आणि वॉट यांच्या. (याच सोहोत १७९१ साली ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी तराजूच्या छापाचे पैसे पाडून घेतले होते. आणि कंपनीचे राज्य आल्यावरही आपल्याकडच्या बाजारात शिवराई चालत राहिली, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.)

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही शेवटी खासगी पेढ्यांची नाणी, त्यात लोकांच्या विश्वासाचा प्रश्न कुठे आला? बँकांना नफा होता, हे खरेच आहे. तांब्याची किंमत आणि टोकनची दर्शनी किंमत यांतला फरक त्यांच्याच पदरात पडे. पण 'खासगी' हा शब्द इथे पुरता बसत नाही. कॅनडाचे दोन प्रांत १८४१ मध्ये एक झाले. त्यानंतर १८४२ ते १८४५ या वर्षांची टोकने बँक ऑफ मॉन्ट्रियलची आहेत, कारण सरकारचे खाते तिच्याकडे होते. एप्रिल १८४९ मध्ये मॉन्ट्रियलच्या दंगलीत संसद भवन जळाले, राजधानी हलली, पुढच्याच वर्षी सरकारी खाते बँक ऑफ अपर कॅनडाकडे गेले, आणि १८५० पासून सेंट जॉर्जची टोकने तिच्या नावाने निघाली. १८५० ची तर खुद्द लंडनच्या शाही टांकसाळीने पाडली. पुढे तिथे सवड नव्हती म्हणून काम बर्मिंगहॅमच्या हीटन कारखान्याकडे गेले. खजिना जिथे, टोकन तिथे. तरीही त्यांवर राणी नाही आणि सरकारचे हमीपत्रही नाही. बँकेचे नाव तेवढे आहे.

खरी कसोटी १८५८ मध्ये लागली. प्रांताने शिलिंग-पेन्स सोडून दशमान पद्धत घेतली आणि १८५८-५९ या दोन वर्षांत लंडनहून सुमारे १ कोटी कांस्य सेंट आणवले. व्हिक्टोरियाचा मुखवटा, नक्षीदार वेल, घडण टोकनांपेक्षा कितीतरी नाजूक. हिशोबी डोक्यांनी एक चलाखीही केली होती: शंभर सेंट म्हणजे वजनाला बरोबर एक पौंड आणि नाण्याचा व्यास बरोबर एक इंच, म्हणजे दुकानदाराला पैसा, वजन आणि माप एकात. त्यामुळे एक सेंट भरला साडेचार ग्रॅम. उलट बँक ऑफ अपर कॅनडाची हाफपेनी साडेसात ग्रॅमच्या आसपास. डॉलरच्या १२० हाफपेनी तराजूत टाकल्या तर नऊशे ग्रॅम तांबे, आणि डॉलरचे शंभर सेंट टाकले तर त्याच्या निम्मे. त्यातही व्यवहारात हाफपेनी एका सेंटला आणि पेनी दोन सेंटला चालू लागली. राणीचा सेंट आणि बँकेची हाफपेनी एकाच किमतीच्या झाल्या आणि लोकांनी जड वस्तू पसंत केली. सेंट खपेनात. बँक ऑफ अपर कॅनडा १८६६ मध्ये बुडाली, तरी तिची टोकने गल्ल्यात फिरत राहिली, आणि सेंट खपवण्यासाठी सरकारला २० टक्के वटाव द्यावा लागला.

अर्थशास्त्र शिकलेला वाचक इथे अडवेल. हलके नाणे जड नाण्याला बाजारातून हुसकावते, मग इथे उलटे कसे झाले? उत्तर असे की हाफपेनीतल्या तांब्याची किंमतही तिच्या दर्शनी किमतीपेक्षा कमीच होती; वितळवून कुणाचा फायदा नव्हता. वजन म्हणजे धातूची किंमत नव्हे, ते खोटेपणाविरुद्धचे जामीन होते. गुच्छाच्या सूंनी पोळलेल्या लोकांना हलके तांबे म्हणजे काय हे चांगले ठाऊक होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बाजारात आधीच तांबे तुंबले होते, लोक पेन्समध्ये मोजायला सरावले होते, मग एक कोटी नवे सेंट आले तर ते पडून राहणारच. हे मान्य. सवयीचा आणि तुंबाऱ्याचा वाटा मी नाकारत नाही. पण तुंबारा एवढेच कारण असते तर साठा संपल्यावर सरकारने तसाच सेंट पुन्हा पाडला असता. तसे झाले नाही. १८७६ मध्ये कॅनडाच्या डोमिनियन सरकारने नवा सेंट काढला तो ५.६७ ग्रॅमचा, म्हणजे जुन्यापेक्षा चौथाईने जड, ब्रिटिश कांस्य हाफपेनीच्या वजनाचा. ब्रिटनच्या मापाशी जुळवून घेण्याचाही त्यात हेतू असेल. पण शंभराचा पौंड ही लाडकी योजना सोडून दिली, हे खरे.

आता छंदाकडे. मॉन्ट्रियलमध्ये नाणेसंग्राहकांची मंडळी १८६२ मध्ये स्थापन झाली, म्हणजे शेवटच्या टोकनांवरच्या तारखेनंतर पाचच वर्षांनी. हे लोक पुराणवस्तू खणत नव्हते. बाजारात फिरणारा खुर्दा उचलून निवडत होते. म्हणूनच नोंद एवढी भरगच्च आहे. १८६९ मध्ये सँडहॅमचे पुस्तक आले, १८९४ मध्ये ब्रेटनची सचित्र सूची. तिचे क्रमांक आजही चालतात, आणि अपर कॅनडाच्या पेनीला संग्राहक नुसते '७१९' आणि हाफपेनीला '७२०' म्हणतात. पण बाजाराने या नोंदीवर स्वतःची मोजपट्टी चढवली. सगळ्यात मान कुणाला? बँक ऑफ मॉन्ट्रियलच्या १८३८ आणि १८३९ च्या टोकनांना, ज्यांवर इमारत कोपऱ्यातून तिरकी दाखवली आहे. काम इतके ओबडधोबड निघाले की बँकेने ती नाकारली. फारशी कुणाच्या हाती पडलीच नाहीत म्हणून दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून महाग. जी वस्तू व्यवहारात उतरलीच नाही ती संग्रहाचे भूषण, आणि जिने वीस-वीस वर्षे पाव आणि मेणबत्त्या विकत घेतल्या ती किरकोळ पेटीत.

दुर्मिळतेच्या मागे लागणाऱ्यांनीच तर हे ज्ञान घडवले, असे कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. गुच्छातली पाने मोजत बसणाऱ्या चिकट माणसांमुळेच कुठले निनावी सू एकाच ठशाचे आणि कुठले बेलव्हिलचे, हे उलगडले. ती चिकाटी हवीच. फक्त ती ठशातल्या फरकांवर जेवढी खर्च होते तेवढी झिजेवर होत नाही, आणि वजनाचा काटा तर पुष्कळ संग्राहक नाणे खोटे आहे की काय एवढे पाहण्यापुरताच काढतात. १८५७ ची घासलेली ७२० आणि १८५९ चा साधा सेंट, दोन्ही थोडक्या पैशांत मिळतात. हाफपेनीवरचा ड्रॅगन पार पुसला गेलेला असला तरी काट्यावर ती सेंटपेक्षा जडच भरते.