शुद्धीत असतानाचे कागद

या विषयाकडे वळणारा वाचक बहुधा वकील नसतो. घरात अंथरुणाला खिळलेली सासू असते, नाहीतर हळूहळू सगळे विसरत चाललेले वडील. औषधांच्या वेळा, बँकेचे हेलपाटे, रुग्णालयातल्या सह्या, सारे एकाच माणसावर येऊन पडते आणि बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे सून, मुलगी किंवा बायको असते. कायदा आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, असे तिला वाटते. तो तितका अवघड नाही, पण वेळेचा फार पक्का आहे. आयुष्याच्या अखेरीसाठी लागणारे जवळजवळ सगळे कागद आजारी माणसाने स्वतः, समजून-उमजून करायचे असतात. त्याची शुद्ध हरपली की दुसऱ्या कोणालाही ते करता येत नाहीत.

कुलमुखत्यारपत्राचेच पाहा. वडिलांनी ते करून दिले म्हणजे पुढची चिंता मिटली, असे घरोघरी मानतात. पण १८७२ च्या करार कायद्यानुसार, ते देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्यारी संपते. मृत्यूनंतर तर ती संपतेच. म्हणजे गरज खरी पडते त्याच वेळी हा कागद निकामी होतो. कोमात गेलेल्या नवऱ्याचे व्यवहार पाहता यावेत म्हणून बायकांना पालकत्व मागायला उच्च न्यायालयात जावे लागले आहे.

मृत्युपत्र त्यामानाने सोपे. ते साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांनी मात्र रीतसर सह्या करायला हव्यात. गोव्यात वारसाहक्काचा कायदा वेगळा आहे. तिथे हक्काचे वारस असतील तर साधारणपणे अर्ध्याच मालमत्तेची वाट मृत्युपत्राने लावता येते.

उपचारांचा प्रश्न सर्वांत नाजूक, म्हणून त्याचा इतिहास जरा सावकाश पाहू. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर भान हरपलेल्या अवस्थेत २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच रुग्णालयात होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांना दयामरण मिळावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीला दिला नाही. तो केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, कारण वर्षानुवर्षे रात्रंदिवस शुश्रूषा त्यांनी केली होती. आणि त्यांना अरुणा जगायला हव्या होत्या. दयामरणाच्या वादात हा भाग झाकोळून गेला, तरी मला तोच या विषयाचा पाया वाटतो. काळजी घेणाऱ्याच्या शब्दाला न्यायालयाने वजन दिले. पण स्वतः अरुणांना काय हवे होते, हे सांगणारा कागद कुठेच नव्हता.

तो कागद करण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने मिळाला. त्यासाठी तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे, आणि त्या अटीपुढे सामान्य माणूस हात टेकत असे. २४ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठाने ती काढली. आता सज्ञान आणि शुद्धीत असलेली व्यक्ती दोन साक्षीदारांसमोर आपले वैद्यकीय इच्छापत्र करू शकते. ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचे. कोणते उपचार नकोत, आणि आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, हे त्यात नावानिशी लिहायचे. ते केव्हाही बदलता येते. पुढे प्रसंग आला तर डॉक्टरांची दोन मंडळे त्यावर विचार करतात, त्यामुळे सगळा भार एकट्या लेकीवर पडत नाही. इच्छापत्र नसेल तरी नातेवाइकांच्या संमतीने मंडळांपुढे जाण्याची वाट खुली आहे.

हे सारे करायला मोठी फी लागते, हा समज सर्वांत घातक. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य कायदेशीर मदतीचा हक्क आहे. शुश्रूषा करणाऱ्या लाखो घरांतल्या बायका या हक्काच्या धनी आहेत, आणि त्यांपैकी फारच थोड्यांना कोणी ते सांगितलेले असते.

म्हणून पुढची पाने वाचण्याआधी आजारी माणसाजवळ बसा आणि त्याला काय हवे ते विचारा. मग जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे जा. तेही जमत नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करा.