गोधडीचे अस्तर

श्रोतेहो, गोधडीची वरची बाजू सगळेच पाहतात. आज ती जरा उलटी करून पाहू या.

खाली असते अस्तर, बहुधा जुन्या लुगड्याचे. लुगडे नऊ वार लांब खरे, पण पन्हा सव्वा वाराच्या आसपास. एवढ्यात अंगभर गोधडी होत नाही. म्हणून लुगड्याचे दोन तुकडे करायचे आणि काठाला काठ लावून जोडायचे. कासोट्याशी विरलेला भाग आतल्या थरात जातो, धड भाग अस्तराला. मग धावदोऱ्याने सारे थर एकजीव होतात.

पन्हा एवढाच का, बरे? जुन्या मागावर विणकर एका हाताने धोटा फेकी, दुसऱ्या हाताने झेली. हाताची पोच तेवढे कापड! १७३३ साली इंग्लंडात जॉन के याने दोरीने धावणारा धोटा काढला आणि एकटा माणूस रुंद कापड विणू लागला. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत गिरणीची कंपनी स्थापन केली. पण लुगड्याचा पन्हा काही वाढला नाही. तो बाईच्या कमरेपासून पावलापर्यंतच्या मापाचा! म्हणून अस्तराचा जोडही राहिला. १९४३ साली कापडावर सरकारी नियंत्रण आले, त्या टंचाईत तर चिंधीचेही मोल वाढले.

गुरुजी, मुलांना घरच्या गोधडीचे अस्तर मोजून आणायला सांगा. आणि ती कोणी शिवली, तेही विचारायला सांगा. ते नाव कुठल्या बखरीत सापडणार नाही. सांगणारे माणूस घरात आहे तोवरच ते वहीत उतरवून घ्या.