अंत्ययात्रा आणि ताशी १५ मैल

अंत्ययात्रा समोर आली की वाहनचालकानं थांबायचं, असा कायदा आहे का? पुण्यात कुणालाही विचारा, "असेलच की" असंच उत्तर येईल. कायद्याची पुस्तकं उघडली की चित्र वेगळं दिसतं.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दहाव्या परिशिष्टात चालकांसाठी नियम होते. मिरवणूक, कूच करणारं सैन्य किंवा पोलीस, रस्तादुरुस्तीचे मजूर, यांच्याजवळून जाताना वेग ताशी १५ मैलांच्या वर नको, हा त्यातला एक. अंत्ययात्रेचं नावही नाही, ती 'मिरवणुकी'तच धरायची. १९८९ च्या नियमावलीत १५ मैलांचे २५ किलोमीटर झाले आणि ती २०१७ पर्यंत चालली. आता हिशेब बघा. तिरडी माणसाच्या चालीनं जाते. पुढे मडकं धरलेला मुलगा, बहुधा अनवाणी. खांदेकरी चालता चालता खांदा बदलतात, तेव्हा तिरडी क्षणभर एका बाजूला झुकते. शेजारून २५ च्या वेगानं मोटार गेली तरी नियम मोडत नव्हता!

वाहतुकीच्या नियमांना जे सुचलं नाही, ते पोलिसांच्या कायद्याला थोडंफार सुचलं. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात (आता महाराष्ट्र पोलीस कायदा) मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ ठरवण्याचा अधिकार पोलिसांना आहे. कलम ३७ खाली प्रेतांचं प्रदर्शन करायलाही बंदी घालता येते. म्हणून जमावबंदीच्या आदेशांत लग्न आणि प्रेतयात्रा वगळल्याचं वाक्य अनेकदा असतं. पण हे सगळं गर्दीला उद्देशून. स्टिअरिंगमागच्या माणसाला त्यात काही सांगितलेलं नाही.

अमेरिकेत फ्लोरिडासारख्या राज्यांनी हे लिहून ठेवलंय. ताफ्यातली पहिली गाडी सिग्नल पाळून चौकात शिरली, की मागच्या गाड्यांना, दिवा लाल झाला तरी, सांभाळून तिच्यामागं जाता येतं. अर्थात तिथे सगळे मोटारीतून जातात, म्हणून मोटारींचा नियम झाला.

आपल्याकडे ओंकारेश्वराजवळ नदीकाठी स्मशान होतं, तेव्हा पेठांमधून लोक चालतच जात. आता नवी पेठेतल्या वैकुंठाकडे शववाहिनी जाते आणि मागे दुचाकींवर नातेवाईक. २०१९ च्या दुरुस्तीनं अग्निशमन दलाची गाडी किंवा रुग्णवाहिका अडवणाऱ्याला १० हजारांचा दंड ठेवला. त्या कलमात शववाहिनीचं नाव नाही. दिवा लाल झाला की ती पुढे जाते, आणि निम्मे नातेवाईक चौकाच्या अलीकडे राहतात.