जरीपटका (नागपूर)

जरीपटका हा महाराष्ट्रातील नागपूर शहराच्या उत्तर भागातील दाट लोकवस्तीचा परिसर आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या विस्थापितांच्या वसाहतीमुळे त्याची वाढ झाली. शहरातील सिंधीभाषकांचे हे प्रमुख केंद्र आहे. ‘जरीपटका’ हे मराठेशाहीतील जरीच्या निशाणाचे नाव होय.

स्थापना

नागपूर शहर गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ मध्ये वसविले. पुढे ते भोसल्यांची राजधानी झाले. फाळणीच्या वेळी ते मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते.

फाळणीत पंजाब व बंगाल यांची विभागणी झाली. सिंध मात्र संपूर्णपणे पाकिस्तानात गेला. त्यामुळे भारतात आलेल्या सिंधी हिंदूंना स्वतःच्या भाषेचा प्रांत उरला नाही. अनेक कुटुंबे कराची बंदरातून जहाजाने मुंबईस, तर काही रेल्वेने राजपुतान्यामार्गे आली व निरनिराळ्या शहरांत विखुरली. कल्याणजवळील छावणीचे पुढे उल्हासनगर झाले. नागपुरात जरीपटका ही त्यांची मुख्य वसाहत बनली. मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी १९५४ मध्ये केंद्रीय कायदा झाला. १९६७ मध्ये २१व्या घटनादुरुस्तीने सिंधी भाषेचा समावेश आठव्या अनुसूचीत झाला.

नंतरच्या दशकांतही पाकिस्तानातून सिंधी हिंदू नागपुरात येत राहिले. त्यांच्यापैकी अनेकांना नागरिकत्वासाठी दीर्घकाळ प्रतीक्षा करावी लागली. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी ही प्रक्रिया सुलभ केली.

भूगोल

जरीपटका कामठी मार्गाच्या पश्चिमेस असून इंदोरा, नारा व मानकापूर हे भाग त्याच्या जवळ आहेत. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. अरबी समुद्र व बंगालचा उपसागर हे दोन्ही येथून ५०० किलोमीटरहून अधिक दूर आहेत. उत्तर नागपुरातील पिवळी नदी नाग नदीस मिळते. हे पाणी पुढे कन्हान, वैनगंगा व गोदावरी या नद्यांमार्फत बंगालच्या उपसागरास जाते.

हवामान

समुद्रापासून दूर असल्याने येथील हवामान विषम आहे. मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान ४२ अंश सेल्सियसच्या आसपास असते. किनाऱ्यावरील कराचीत ते समुद्री वाऱ्यांमुळे सुमारे ३५ अंश राहते. सिंधच्या उत्तरेकडील जेकबाबाद, शिकारपूर या भागांत मात्र उन्हाळा नागपूरइतकाच किंवा त्याहून तीव्र असतो.

पावसाच्या बाबतीत दोन्ही प्रदेशांत मोठा फरक आहे. नागपुरात वर्षाला सुमारे १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात येतो. कराचीत हे प्रमाण साधारण २०० मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी आहे, तर उत्तर सिंधमध्ये आणखी कमी असते. सिंधमधील शेती पावसापेक्षा सिंधू नदीच्या कालव्यांवर अवलंबून आहे. विदर्भात खरीप हंगाम मान्सूनवर उभा राहतो.

उन्हाळ्यातील हवा कोरडी असल्याने पाण्यावर चालणारे कूलर येथे उपयुक्त ठरतात. पावसाळ्यात आर्द्रता वाढल्यावर त्यांचा परिणाम कमी होतो. हिवाळा सौम्य व कोरडा असून डिसेंबर व जानेवारीत रात्रीचे तापमान कधीकधी १० अंशांखाली जाते.